आंब्यावरचा वांदा

माझा नवरा हेमराज दिसायला साधा माणूस आहे. लग्नाच्या पंगतीत बसवला तर मलाच शोधावा लागेल. पण चिवटपणात त्याचा हात धरणारा आमच्या नागभीड तालुक्यात कोणी नसेल, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. घराच्या पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन आहे आणि गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज माझ्या हातून जातात. कोणतं कापड टिकेल आणि कोणतं पहिल्याच पाण्यात आटेल, हे माझ्या बोटांना कळतं. हेमराजच्या बाबतीत माझी पारख चुकलेली नाही.

लग्नानंतर आम्ही घुग्घुसला राहायचो. तो एका ठेकेदाराकडे कोळशाचा डंपर चालवायचा. तिथे सकाळी पुसलेली खिडकी दुपारी काळी होते आणि पांढरा शर्ट फक्त फोटोत पांढरा दिसतो. काही वर्षांनी त्याचा खोकला थांबेना. जिना चढताना छाती वाजायला लागली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधं देतो, पण खरं औषध एकच, धूळ सोडा. धूळ सोडा म्हणजे घुग्घुस सोडा, आणि घुग्घुस सोडा म्हणजे नोकरी सोडा. पोरीला ब्रह्मपुरीच्या होस्टेलात ठेवून आम्ही माझ्या माहेरी आलो. मी एकुलती एक, आई गेलेली, बाबा एकटे आणि घरची धानाची शेती. मला वाटलं, सगळ्यांचीच सोय झाली.

सोय झाली, पण हेमराज घरजवाई झाला. आमच्या शेजारी भैयाजी म्हणून बाबांचे जुने दोस्त राहतात. जगातल्या कोणत्याही गोष्टीवर त्यांच्याकडे एक म्हण तयार असते. पहिल्याच आठवड्यात ओसरीवर चहा पिताना त्यांनी ती ऐकवली. "दूर जमाई फूल बराबर, गाव जमाई आधा, घर जमाई गधा बराबर, जब चाहा तब लादा!" सगळे हसले. हेमराजही हसला. मी आत कात्री जरा जोरातच आपटली.

माझे बाबा, गुणवंतराव, मनाने वाईट नाहीत. पण माणूस मोजायचं त्यांचं माप एकच, ते म्हणजे खळं. मळणीच्या मशीनजवळ जो उभा राहत नाही तो एकतर आजारी नाहीतर आळशी, आणि आजारी माणूस त्यांना अंथरुणात पडलेला दिसावा लागतो. हेमराज विहिरीची मोटर दुरुस्त करायचा, रोवणीला दिवसभर चिखलात उभा राहायचा, पण मळणीला भुसा उडायला लागला की त्याला घरात बसावं लागायचं. नेमकं तेव्हाच सारं गाव खळ्यावर असतं. पूर्वी आम्ही दिवाळीला यायचो तेव्हा बाबा फाटकापर्यंत सामोरे यायचे. "या जवाईबापू, बसा जवाईबापू." राहायला आल्यावर त्याचं हळूहळू "अहो, ऐका" झालं, आणि मग माझ्याकडे तोंड करून "त्यायले सांग" झालं. जवाईबापू कुठे हरवले ते कोणी शोधलंही नाही.

ऑर्किडचं खूळ लागलं ते डॉक्टरांकडे. तपासणीला गेलो होतो, नंबर यायचा होता, आणि टेबलावर जांभळ्या फुलांची एक कुंडी होती. हेमराज उठून जवळ गेला. कुंडीत कोळशाचे आणि विटांचे तुकडे होते, बाकी काही नाही.

"बाई, याची माती कुठी हाय?" त्याने तिथल्या नर्सला विचारलं.

"याले मातीच नाई लागत, भाऊ. ऑर्किड हाय ते."

परतीच्या बसमध्ये सिंदेवाही येईपर्यंत तो खिडकीतून झाडं पाहत होता. मग म्हणाला, "चंचल, बिनमातीचं झाड. ना माती, ना धूळ. मले तर हेच जमते." डॉक्टरांच्या सगळ्या सांगण्यातून त्याने एवढंच उचललं होतं.

मी तेव्हा हसले. आता नाही हसत. घुग्घुसच्या कोळशानेच ज्याची छाती भरली, तो माणूस त्याच कोळशाच्या तुकड्यांत झाड लावायला निघाला होता. तो कोळसा दगडी आणि हा लाकडी, एवढाच काय तो फरक, पण याला म्हणतात जिगर.

पहिलं झाड त्याने नागपूरच्या प्रदर्शनातून आणलं. फुलपाखरासारखी मोठी पांढरी फुलं, इतकी देखणी की मलाच त्याच्यासमोर पदर नीट करावासा वाटला. फॅलेनॉप्सिस असं त्याचं नाव होतं. नाव पाठ होईपर्यंत फुलं टिकली. मग आमचा वैशाख आला. इथे वैशाखात दुपारी चिमणीसुद्धा घरटं सोडत नाही. हेमराजने ते झाड कूलरसमोर ठेवलं, तर कूलरचं पाणी शेंड्यात साचून ते आतून सडलं. बाबा म्हणाले, "कूलरपाशी आमी बसावं का झाडानं?" त्यांचं चुकलं नव्हतं. मीही सुनावलं, "ही सून नाई, पाहुणी हाय. चार दिवस रायन अन् रुसून जाईन."

हेमराज रुसला नाही. त्याने सडलेलं झाड उलगडून पाहिलं, मुळं हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाला, "याची चूक नाई. ओल्या मुलखातल्याले आपण तव्यावर बसवलं."

दुसऱ्यांदा त्याने डेंड्रोबियम आणलं. त्याच्या बोटाएवढ्या जाड कांड्या पाहून तो खूश झाला, कारण या कांड्यांत झाड पाणी साठवून ठेवतं, असं त्याला विक्रेत्याने सांगितलं होतं. ते त्याने कडुनिंबाखाली हिरवी जाळी बांधून टांगलं. उन्हाळाभर झाडाने मान खाली घातली, निम्मी पानं टाकली, आणि मी म्हटलं, झालं, हेही गेलं. पण भाद्रपदात त्याच्या वाळक्या दिसणाऱ्या कांडीतून दांडा फुटला आणि जांभळी फुलं आली ती दिवाळी ओलांडून गेली. गणपतीला आलेल्या बायका ब्लाऊजचं माप द्यायचं विसरून फुलांखाली फोटो काढत बसल्या.

तिथून हेमराजची निवड पक्की झाली. नवं झाड घ्यायचं तर तो तीन गोष्टी पाहायचा. आपल्या वैशाखात जगतं का? एखाद दिवस पाणी द्यायचं राहिलं तर माफ करतं का? आणि फुलायला फार नखरे तर करत नाही? लोक पोरीसाठी स्थळसुद्धा इतकं पारखून पाहत नाहीत. नुसतं फूल पाहून त्याने पुन्हा कधीच झाड घेतलं नाही. तो आधी मुळं पाहायचा. कोणी हौसेने विचारायला आलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "सुरुवात कणखर झाडानं कराची भाऊ. नाजूक मागून आणा. पयलंच मेलं तर माणसाची हौस मरते."

आणि तो तिसरा, आमच्या घरातला वांदा.

आमच्या बाजूचा रस्ता रुंद करायचं काम निघालं, तेव्हा कडेचे जुने आंबे आणि मोह आडवे झाले. हेमराज त्या पडलेल्या झाडांवरून हात फिरवत चालला होता, आणि फांद्यांना चिकटलेली जाड, लांब पानांची झाडं त्याला दिसली. कामावरच्या लोकांना विचारलं, तर ते म्हणाले, घेऊन जा, जाळायचाच कचरा आहे. त्याने सालीसकट सोडवून पोत्यात भरून आणली. वापरलेल्या बादलीच्या कडीला, बांबूच्या टोपल्यांना, छपराच्या कवेलूच्या तुकड्यांना ती बांधली. बांधायला माझ्या चिंध्या. सुती कापडाची पट्टी मुळाला काचत नाही, म्हणून माझ्या टोपलीतली अस्तराची कातरणं त्याने फस्त केली.

बाबांनी अंगणातली ती जत्रा पाहिली आणि विचारलं, "हे काय हाय?"

"व्हँडा, मामाजी."

"वांदा?"

"व्हँडा."

"तेच ना, वांदा. ज्याचं नावच वांदा, ते घरात काऊन आणता?" ते म्हणाले. आमच्याकडे वांदा म्हणजे अडचण, भानगड. त्या दिवसापासून घरात त्या झाडाला दुसरं नाव राहिलं नाही. मीसुद्धा वांद्याला पाणी घातलं का, असंच विचारायला लागले.

पहिलं फूल आलं तेव्हा मात्र मी मशीन सोडून उठले. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकडा, अगदी कोणी मापात विणल्यासारखा, आणि मधली जीभ निळी-जांभळी. चौकड्याचं कापड मी आयुष्यभर कापत आले, पण हे असं रेषेला रेष जुळलेलं मी कधी पाहिलं नाही. वास तर सकाळी माझ्या मशीनपर्यंत यायचा. पण खरं सांगू, फुलापेक्षा मला त्याची मुळं आवडतात. हवेत लोंबणारी, राखाडी, जाड मुळं. सकाळी हेमराज त्यांवर पाणी शिंपडायचा आणि बघता बघता ती हिरवी व्हायची. पाणी पिताना दिसणारं झाड मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. चुलीवरचा चहा उतू जायचा आणि मी तिथेच उभी असायची.

एकदा आम्ही गडचिरोलीकडे, कुरखेड्याच्या पुढे एका लग्नाला गेलो होतो. पंगतीची वेळ झाली आणि हेमराज गायब. शोधत गेले तर मांडवामागच्या रानात एका अर्जुनाच्या झाडाखाली मान वर करून उभा. वर सीतेची वेणी, म्हणजे रानातलं ऑर्किडच, फुलली होती. पांढऱ्या-गुलाबी फुलांचा हातभर लांब गजरा फांदीवरून खाली सोडलेला. मी म्हटलं, "एखादी फांदी हाताशी दिसून राह्यली, आणायची का?"

"नाई. जंगलातलं जंगलात. पडलेलं उचलावं, बसलेलं उठवू नये."

तो तिथून हलेना. आम्ही पंगतीत सगळ्यात शेवटी जेवलो, आणि मठ्ठा संपला होता. पण परत येताना तो वाटभर एकदाही खोकला नाही. हे माझ्याच लक्षात आलं, त्याच्या नाही.

असं सगळं बरं चाललं होतं. मग आंब्याची भानगड झाली.

आमच्या आवारात एक आंबा आहे, खोबऱ्या. बाबांच्या वडिलांनी लावलेला. त्याची फळं बाबा सावली गावापासून गडचिरोलीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना पोचवतात, आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यालाही पोचवतात. या आंब्याचा एकच वैरी, बांडगूळ. पाखरं बी आणून टाकतात, ते फांदीत मूळ घुसवतं आणि फांदीचा रस पिऊन माजतं. म्हणून दर वर्षी मळणी आटोपली की मोहर येण्याआधी बाबा कोयता घेऊन वर चढतात आणि बांडगूळ छाटून काढतात. या वयातही ते काम त्यांनी कोणाला दिलेलं नाही.

हेमराजला हे ठाऊक होतं. त्याला हे ठाऊक नव्हतं की बाबांच्या डोळ्याला फांदीवर वाढणारं प्रत्येक हिरवं बांडगूळच दिसतं. टोपल्यांत वांदा दाटायला लागला तेव्हा चांगले वाढलेले चार-पाच गड्डे त्याने आंब्याच्या खोडावर, खालच्या फांद्यांच्या बेचक्यात बांधले. आंब्यावरच तर ते जन्मलेले होते. त्याला वाटलं, त्यांना घरी पोचवलं. विचारायला हवं होतं, हे मी त्याला नंतर सांगितलं. पण बाबा त्याच्याशी धड बोलतच नव्हते, तर विचारणार कसं?

पौषात बाबा कोयता घेऊन आंब्याखाली गेले. भैयाजी आणि आणखी दोघं खाली बसून सुपारी कातरत होते. बाबांनी वरचं बांडगूळ छाटलं, खाली उतरले, आणि खोडावर माझ्या गुलाबी अस्तराच्या चिंध्यांनी बांधलेलं ते हिरवं पाहिलं. आयुष्यभर ज्याच्याशी झगडले ते कोणीतरी मुद्दाम बांधून ठेवलंय, असं त्यांना वाटलं असणार. कोयत्याने चिंध्या तोडल्या, गड्डे ओढून काढले आणि बांडगुळाच्या ढिगावर फेकले. हेमराज धावत आला, "मामाजी, ते बांडगूळ नोहोय!"

तेव्हा बाबा सगळ्यांदेखत बोलले.

"मले बांडगूळ शिकवता? एक घरात पोसून राह्यलो ते पुरे नाई झालं, आता आंब्यावर बी पोसू?"

कोणी हसलं नाही. भैयाजींनासुद्धा म्हण सुचली नाही. हेमराज परत फिरला आणि घरात आला. मी ढिगावरचे गड्डे उचलायला धावले, तर त्याने मागून माझा हात धरला. "राहू दे. ज्याचा आंबा, त्याचं म्हणणं." तो ढीग बाबांनी कुंपणाच्या आडोशाला, होळीत टाकायला म्हणून रचून ठेवला.

त्याच आठवड्यात हेमराजने घुग्घुसच्या लच्छूला फोन केला. लच्छू त्याचा जुना जोडीदार, डंपरवरचा. एक जागा रिकामी होणारच होती. लच्छू होळीला नागभीडला येऊन धुळवडीच्या सकाळी परत जाताना गाडीवर त्याला घेऊन जाणार, असं ठरलं.

मी भांडले. माझ्या जिभेला हाड नाही, असं लोक म्हणतात, ते त्या दिवशी खरं केलं. "तिथी जाऊन खोकत मरशीन का? डॉक्टर काय बोलला ते विसरला?"

तो शांतपणे टोपल्यांना पाणी शिंपडत होता. "विसरलो नाई. इथी श्वास मोकळा हाय, चंचल. पण घास अडकते."

मला रडू आलं. मी रडले.

मग बाबांशी भांडले. "तुमी त्यायले बांडगूळ म्हटलं."

"मी आंब्याचं बोललो."

"साऱ्या गावाले समजलं कोणाचं बोलले ते."

"मग गावाले इचार," म्हणून ते बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बाबा एकदा बोलले की शब्द मागे घेत नाहीत, हे मला माहीत होतं. आंबा मोहरला. हेमराज मला झाडांचं शिकवत राहिला. डेंड्रोबियमला हिवाळ्यात पाणी कमी. वांद्याला सकाळी शिंपण, दुपारी नाही. पान पिवळं पडलं तर आधी ऊन बघ, मग पाणी. मी मान हलवायची आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायची, मला शिकवू नको, तू राहा.

होळीच्या दिवशी संध्याकाळी पोरं लाकडं मागायला आली. बाबा तो ढीग द्यायला कुंपणाकडे गेले. मी पुरण वाटत होते. बराच वेळ झाला, पोरं ओरडत होती आणि बाबांचा पत्ता नाही. मग त्यांची हाक आली, "चंचल, इकडं ये."

मी पुरणाच्या हातानेच गेले. ढीग विस्कटलेला होता. बांडगुळाची पानं करपून चुरा झाली होती, काटक्या नुसत्या खडखडत होत्या. आणि त्यांच्यामध्ये बाबा उकिडवे बसलेले, हातात वांद्याचा गड्डा. हिरवा. पानं थोडी सुरकुतलेली, पण हिरवी. मुळाच्या टोकाला नवा पोपटी कोंब, आणि पानांच्या बगलेतून बोटभर दांडा, त्यावर कळ्यांचे बारीक दाणे.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचं बांडगूळ."

"बांडगूळ तोडलं का दोन दिवसांत मान टाकते. मी जन्मभर तोडलं, मले माहीत हाय. हे पौषापासून पडून हाय इथी. याले कोण खाऊ घालून राह्यलं?"

"कोणी नाई."

"मग आंब्यावर काय खात होतं?"

"काईच नाई, बाबा. ते नुसतं बसते. आधार घेते. बाकीचं त्याचं ते पाहून घेते, दहिवरावर, हवेवर."

बाबांनी गड्डा उलटा करून पाहिला. पाठीमागे आंब्याची साल चिकटली होती, सालीला कुठे भोक नव्हतं. अंगठ्याने त्यांनी ती साल पुन्हा पुन्हा चाचपली. बांडगूळ असतं तर मूळ आत लाकडात घुसलेलं असतं. हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती, हे तर तेच मला लहानपणापासून सांगत आले.

"अन् म्या उपटून फेकलं तरी फुलून राह्यलं," ते हळूच म्हणाले. मग पोरांवर खेकसले, "न्या रे ते वाळलेलं! हिरव्याले हात लावाल तर याद राखा!"

हेमराजला काही माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते माझं बोलणं झालं असतं, बाबांचं नाही.

धुळवडीच्या सकाळी हेमराजची बॅग ओसरीत होती. तो पायरीवर बसून बूट घालत होता. मी आत त्याच्या वाटेसाठी भाकरी थापत होते आणि पिठावर राग काढत होते. बाहेर भैयाजींचा आवाज आला, गुलाल घेऊन आले होते. मी खिडकीतून पाहिलं. बाबा आंब्याखाली उभे, तोंडात सुतळीचं टोक, आणि दोन्ही हातांनी वांद्याचा गड्डा खोडावर दाबून धरलेला. बाकीचे गड्डे पाटीत ओळीने ठेवलेले.

"गुणवंतराव!" भैयाजी थांबलेच. "हे काय चाललं? लोक बांडगूळ काढते, अन् तुमी बांधून राह्यले?"

"हे बांडगूळ नोहोय."

"मग काय हाय?"

बाबांनी तोंडातली सुतळी काढली. "हा आपल्या बळावर जगणारा हाय, भैयाजी. आंब्याचं काई खात नाई. इचार आंब्याले, त्याचं काय गेलं ते. मोहर पाह कसा आला." आणि मग जरा मोठ्याने, ओसरीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात, "माह्या नजरेचीच चूक झाली."

भैयाजींनी एकदा आंब्याकडे पाहिलं, एकदा ओसरीकडे. बॅगही पाहिली. "म्हणजे जवाई जाऊन नाई राह्यले का? इथीच राह्यतीन?"

"राह्यतीन. त्यायचं घर हाय. काऊन, तुले काई वांदा हाय?"

भैयाजींच्या हातातला गुलाल तसाच राहिला. "मले कायचा वांदा?" ते म्हणाले.

हेमराजचा एक बूट पायात होता, एक हातात. तो किती वेळ तसाच बसला होता कोण जाणे. मग त्याने हातातला बूट खाली ठेवला, पायातलाही काढला, आणि अनवाणी आंब्यापाशी गेला. बाबा सुतळी आवळत होते. धानाचा भारा बांधतात तशी.

"मामाजी, एवढं कसून नका बांधू. मुळाले काचते."

"मग तुमीच बांधा ना," बाबा म्हणाले आणि बाजूला सरले. पण गड्डा हातातून सोडला नाही. तो धरून उभे राहिले आणि हेमराज सुतळी सोडवायला लागला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी चिंध्यांची टोपली उचलून बाहेर धावले, कारण त्या दोघांना आता सुती पट्टी लागणार होती.

तेवढ्यात फाटकाबाहेर लच्छूच्या गाडीचा हॉर्न वाजला. हेमराजने मान वर केली. बाबांनी नाही. त्यांची नजर गाठीवरच होती.

"चंचल," ते म्हणाले, "त्याले चहा पाज अन् सांग, जवाईबापू कामात हायेत."